पंधरा कोड आणि तेवीस हजार नोंदी : इंग्लंडमधल्या ‘लाँग कोविड’चं प्रकरण

एप्रिल २०२१च्या अखेरीपर्यंतच्या, इंग्लंडमधल्या सुमारे ५ कोटी ८० लाख माणसांच्या दवाखान्यातल्या नोंदी संगणकाने चाळल्या आणि एक साधा प्रश्न विचारला गेला : लाँग कोविडचे रुग्ण किती? उत्तर आलं २३,२७३. म्हणजे लाखामागे साधारण चाळीस.

त्याआधी थोडेच दिवस ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने घरोघरच्या पाहणीवरून वेगळाच आकडा दिला होता. मार्च २०२१च्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या माहितीनुसार, कोविडनंतर चार आठवड्यांहून जास्त काळ लक्षणं रेंगाळलेली ११ लाख माणसं देशात होती.

हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ११ लाखांचा आकडा सगळ्या युनायटेड किंगडमचा आणि लोकांनी स्वतः सांगितलेल्या त्रासाचा आहे. २३ हजारांचा आकडा फक्त इंग्लंडचा आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या कोडचा, म्हणजे संगणकातल्या यादीतून निवडलेल्या ठरावीक क्रमांकाचा आहे. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड वजा करा, कोविडचा संबंध नसलेला थकवा वजा करा, डॉक्टरकडे गेलेच नाहीत ते वजा करा. तरीही चाळीसपटीच्या पुढची तफावत एवढ्याने मिटत नाही.

मग या आजाराला कोडच नव्हता का? होता. एक नव्हे, पंधरा होते, आणि तेही काही महिन्यांपासून.

राष्ट्रीय आरोग्यनोंदींची परिभाषा अद्ययावत करणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला यापेक्षा बोलकं प्रकरण माहीत नाही. समिती बसली, व्याख्या ठरली, कोड निघाले, आवृत्ती प्रसिद्ध झाली. कागदावर काम फत्ते. आणि इंग्लंडमधल्या २६.७ टक्के दवाखान्यांनी त्यातला एकही कोड एकदाही वापरला नाही.

आधी थोडं मागे

इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नोंदवलेला असतो. त्या दवाखान्यातल्या फॅमिली डॉक्टरला तिकडे जीपी म्हणतात. जीपींचे दवाखाने संगणकावर फार लवकर गेले आणि त्याबरोबर त्यांना लागली ती संक्षिप्त, संगणकाला कळणारी परिभाषा. लफबरो गावातले जीपी जेम्स रीड यांनी १९८०च्या दशकात ती तयार केली आणि १९९०मध्ये सरकारने ती विकत घेतली. ‘रीड कोड’ या नावाने ती पुढे पंचवीस वर्षांहून जास्त चालली.

तिच्या सर्वाधिक चाललेल्या आवृत्तीत प्रत्येक कोड पाच अक्षरांचा. पहिलं अक्षर प्रकरणाचं, दुसरं पोटप्रकरणाचं, असं खाली खाली जायचं. आपल्या पिनकोडसारखं : ४११ दिसलं की पुणं कळतं. दम्याचे कोड ‘एच३३’पासून सुरू होतात. ‘एच’ म्हणजे श्वसनसंस्था, ‘एच३’ म्हणजे फुप्फुसांचे दीर्घकालीन अवरोधक आजार आणि त्यांच्या पोटात दमा. कोणत्याही छातीच्या डॉक्टरला ही मांडणी खटकेल, कारण दमा आणि सीओपीडी (म्हणजे हेच अवरोधक आजार) वेगळे आहेत. पण जागा कोडमध्येच कोरलेली असल्यामुळे ती हलवायची तर कोडच बदलावा लागणार, आणि कोड बदलला की लाखो जुन्या नोंदींचं काय करायचं? शिवाय घरं मोजकी. एखाद्या फांदीवरची जागा संपली की नवा आजार कुठेतरी कोपऱ्यात कोंबायचा.

स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय परिभाषेने ही अडचण मुळातूनच सोडवली. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजची परिभाषा आणि रीड कोडची तिसरी आवृत्ती यांच्या विलीनीकरणातून ती २००२मध्ये उभी राहिली. २००७मध्ये नऊ देशांनी मिळून तिची मालकी एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे दिली. आज तिच्यात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत. इथला क्रमांक पिनकोडसारखा नाही, आधार क्रमांकासारखा आहे : त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, आणि तेच हवं आहे. (गंमत म्हणजे दोन्हींचा शेवटचा तपासणी-अंक, म्हणजे टाइप करतानाची चूक पकडणारा अंक, व्हेरहोफ या गणितज्ञाच्या एकाच पद्धतीने काढतात.) दम्याचा क्रमांक १९५९६७००१. दमा कोणाचा पोटप्रकार, कोणत्या अवयवाचा, हे नातं क्रमांकाबाहेर वेगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे उद्या शास्त्राचं मत बदललं तर नातं बदलतं, क्रमांक तोच राहतो. एका संकल्पनेला दोन-तीन आईबापही असू शकतात.

आणि काहीही पुसलं जात नाही. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसून टाकत नाहीत, कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकतात, तसंच इथे. चुकीची किंवा दुहेरी ठरलेली संकल्पना निष्क्रिय होते, आणि तिच्याऐवजी कोणती वापरायची याचा दुवा राहतो. वीस वर्षांपूर्वीच्या डॉक्टरने काय लिहिलं होतं, ते वीस वर्षांनंतरही वाचता येतं.

इंग्लंडच्या जीपींनी रीड कोड सोडून स्नोमेडकडे जायला एप्रिल २०१८मध्ये सुरुवात केली. या तारखेकडे लक्ष द्या. महामारी यायला दोन वर्षंही नव्हती. भांडी नुकतीच लावून झालेल्या नव्या स्वयंपाकघरात एकदम लग्नघरचा स्वयंपाक आला.

नाव रुग्णांनी ठेवलं

खुद्द कोविडचा कोड चटकन निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी आजाराला नाव दिलं आणि मार्चमध्ये स्नोमेडने नेहमीचं वेळापत्रक बाजूला ठेवून मधलीच आवृत्ती काढली. कोविड-१९ झाला ८४०५३९००६. त्याचा कारक विषाणू ८४०५३३००७. आजार आणि विषाणू वेगळे, दोघांत कार्यकारणाचं नातं. व्याख्या स्वच्छ होती, प्रयोगशाळेत चाचणी होती, कोड बनवणाऱ्याला आणखी काय हवं?

लाँग कोविडचं तसं नव्हतं. हे नाव डॉक्टरांनी दिलेलंच नाही. मे २०२०मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या आजाराबद्दल ट्विटरवर लिहिताना हा शब्द हॅशटॅग म्हणून वापरला आणि तो बघता बघता जगभर पसरला. बरे झालो असं सांगितलं गेलेली, पण बरी न झालेली माणसं एकमेकांना या शब्दाने ओळखू लागली. आजाराला आधी नाव, मग व्याख्या, मग कोड, असा हा उलटा प्रवास.

व्याख्या आली डिसेंबर २०२०मध्ये. नाइस या ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने दोन जोडीदार संस्थांसह १८ तारखेला मार्गदर्शिका काढली आणि काळाचे तीन तुकडे पाडले. चार आठवड्यांपर्यंत ‘तीव्र कोविड’. चार ते बारा आठवडे ‘चालू लक्षणांचा कोविड’. बारा आठवड्यांच्या पुढे ‘कोविडोत्तर लक्षणसमूह’, पण दुसऱ्या कोणत्या निदानाने त्याचा उलगडा होत नसेल तरच. ब्रिटनच्या राष्ट्रीय विस्तारातले (म्हणजे आंतरराष्ट्रीय स्नोमेडला देशाने स्वतः घातलेल्या भरीतले) कोड याच सुमारास आणि याच चौकटीत बसवले गेले. पंधरांपैकी निदानाचे फक्त दोन : चालू लक्षणांचा १३२५१८१००००००१०६ आणि कोविडोत्तर लक्षणसमूहाचा १३२५१६१००००००१०२. तीन कोड रुग्णाला पुढे पाठवण्याचे, कोविडोत्तर क्लिनिककडे किंवा सरकारी पुनर्वसन संकेतस्थळाकडे. उरलेले दहा निरनिराळ्या प्रश्नावल्यांचे आणि मोजपट्ट्यांचे.

त्या दोन लांबलचक क्रमांकांच्या पोटात १०००००० असे सात अंक दिसतील. तो ब्रिटनचा शिक्का. भारताच्या विस्तारात त्या जागी १०००१८९ असतं. अंकांच्या नुसत्या आकारावरून कळतं की ही संकल्पना आंतरराष्ट्रीय नाही, घरची आहे. घाईच्या वेळी देश आपापला विस्तार वापरतात, आणि ते योग्यच आहे. फक्त त्याची किंमत अशी की घराबाहेर तो कोड कुणाला ओळखू येत नाही.

आता दोन निदान-कोडांची नावं पुन्हा वाचा. ‘लाँग कोविड’ हे शब्द दोन्हींत नाहीत.

हे निष्काळजीपणाने झालं असं पहिल्यांदा वाटतं. मलाही वाटलं होतं. पण मार्गदर्शिका नीट वाचली की घोळ कळतो. नाइसने स्पष्ट लिहिलं आहे की, बोलीतला ‘लाँग कोविड’ हा शब्द दोन्ही टप्प्यांना मिळून वापरला जातो, चार ते बारा आठवडे आणि त्यापुढचंही. म्हणजे हा शब्द एका कोडला समानार्थी म्हणून चिकटवला तर दुसऱ्या टप्प्याचे रुग्ण चुकीच्या खणात पडणार. दोन्हींना चिकटवला तर यादीत एकाच नावाच्या दोन ओळी दिसणार आणि डॉक्टर वरची निवडणार, कारण ती वर आहे. परिभाषेच्या शिस्तीत बसणारा उपाय एकच : दोन्हींच्या डोक्यावर एक आईसंकल्पना उभी करायची, तिचं नाव ‘लाँग कोविड’ ठेवायचं आणि ज्याला टप्पा ठरवता येत नाही त्याने तिच्यावर थांबायचं. स्नोमेडचा सगळा सांगाडा अशाच कामासाठी आहे. पंधरांच्या त्या यादीत मात्र अशी आई नव्हती.

परिभाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन तुकडे करणं बरोबर होतं. माझं म्हणणं इतकंच, की लोकांच्या तोंडातला शब्द ढोबळ असेल तर त्या ढोबळपणालाही एक क्रमांक लागतो. तो दिला नाही तर माणसं जास्त अचूक कोड शोधत बसत नाहीत. ती कोडच टाकत नाहीत.

दहा मिनिटं

जीपीकडची भेट ठरलेली असते दहा मिनिटांची. रुग्ण येतो, म्हणतो, “कोविड झाल्यापासून अंगात जीवच नाही. जिना चढला की छाती भरून येते, कामावर एक शब्द लक्षात राहत नाही.” डॉक्टरला ऐकायचं आहे, तपासायचं आहे, रक्ताच्या तपासण्या लिहायच्या आहेत, हृदय आणि फुप्फुसाचं काही गंभीर तर नाही ना हे बघायचं आहे. आणि याच दहा मिनिटांत पडद्यावर नोंद करायची आहे.

नोंदीत दोन गोष्टी असतात. एक मोकळा मजकूर, वाक्यांत लिहिलेला. दुसरी, यादीतून निवडलेली कोडची ओळ. माणूस मोकळा मजकूर वाचतो, पण देशभरची मोजणी करणारा संगणक फक्त कोड वाचतो. डॉक्टरने मजकुरात सविस्तर लिहिलं, ‘तीन महिन्यांपासून लाँग कोविड, क्लिनिकला पाठवत आहे’, आणि कोडच्या ओळीत ‘थकवा’ निवडलं, तर त्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरचं काहीही चुकलेलं नाही. पुढच्या भेटीला सगळं समजेल. राष्ट्रीय आकडेवारीत मात्र तो थकलेल्या लाखो माणसांतला एक.

‘थकवा’ निवडण्याची कारणंही असतात, आणि ती आळसाची नसतात.

पहिलं, पुरावा. ब्रिटनने १२ मार्च २०२० रोजी घरी असलेल्या रुग्णांची चाचणी थांबवली. पहिल्या लाटेत घरातच आजारी पडलेल्यांच्या हाती कोविड झाल्याचा कागदच नव्हता. मार्गदर्शिका म्हणते, चाचणीचा पुरावा नसला तरी हरकत नाही. पण जिच्या नोंदीत कोविडच नाही तिच्या नोंदीत ‘कोविडोत्तर’ लिहायला कोणत्याही डॉक्टरचा हात क्षणभर थबकतो. बापाची नोंद नसताना मुलाचा वारसा लावायचा, तशातला प्रकार.

दुसरं, ‘दुसऱ्या निदानाने उलगडा होत नसेल तरच’ ही अट. रक्ताचे अहवाल यायचे आहेत, एक्स-रे व्हायचा आहे. मग आज कोविडोत्तर कसं लिहिणार? आज ‘धाप’ लिहू, अहवाल आले की बदलू. अहवाल फोनवर सांगितले जातात, कुणी दुसरा डॉक्टर ते बघतो, आणि ‘धाप’ तशीच राहते. नोंद एकदा टाकली की तिच्याकडे परत फिरून कोण बघतं? आपल्याकडे रेशनकार्डावरचं चुकलेलं वय पंचवीस वर्षं तसंच राहतं, ते काय उगाच!

तिसरं कारण पैशाचं, आणि याबद्दल तिकडे कुणी फारसं लाजत नाही. २००४पासून जीपींच्या मिळकतीचा एक भाग ठरावीक आजारांच्या नोंदी आणि उपचारांवर अवलंबून आहे. मधुमेह, दमा, रक्तदाब. हे कोड इमानाने टाकले जातात, कारण त्यांच्यामागे मोजणी आणि मोबदला आहे. लाँग कोविडला सुरुवातीला असं काही नव्हतं. जून २०२१मध्ये १० कोटी पौंडांची योजना आली आणि त्यातले ३ कोटी जीपींसाठी राखले गेले. कोड त्याआधी सहा महिने आले होते. ही सहा महिन्यांची फट मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

नकाशावर दिसतं ते काय?

ही मोजणी केली ऑक्सफर्डमधल्या बेन गोल्डेकर यांच्या चमूने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ‘ओपनसेफली’ नावाच्या व्यवस्थेवर. तिची खुबी अशी की रुग्णांच्या नोंदी जिथे आहेत तिथून हलत नाहीत. संशोधकाचं गणित तिथे पाठवलं जातं आणि फक्त बेरीज बाहेर येते. इंग्लंडमधल्या ९६ टक्के लोकसंख्येच्या नोंदी त्यात आल्या, कारण तिथले बहुतेक दवाखाने दोनच कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरतात : एमिस आणि टीपीपी.

निकालातला मोठा आकडा आपण पाहिलाच. मला धक्का बसला तो पोटातल्या आकड्यांनी. प्रदेशानुसार पाहिलं तर सर्वांत कमी नोंदी पूर्व इंग्लंडात, लाखामागे २०.३. सर्वांत जास्त लंडनमध्ये, ५५.६. एखाद्या वृत्तपत्राला एवढं पुरे : ‘राजधानीत लाँग कोविड पावणेतीन पट.’ आता सॉफ्टवेअरनुसार पाहा. टीपीपी वापरणाऱ्या दवाखान्यांत लाखामागे २०.९. एमिस वापरणाऱ्यांत ५३.७.

२०.३ आणि २०.९. ५५.६ आणि ५३.७. पूर्व इंग्लंड हा मुख्यतः टीपीपीचा मुलूख आणि लंडन मुख्यतः एमिसचं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर कसंसंच होतं. लंडनला पहिल्या लाटेने जबर फटका दिला होता, त्यामुळे सगळा फरक सॉफ्टवेअरचाच, असं म्हणता येणार नाही. पण त्या नकाशाचा बराच भाग विषाणूचा नसून सर्च बॉक्सचा असावा, असा दाट संशय येतो. कोणत्या पडद्यावर कोणता शब्द टाइप केला की यादीत काय वर येतं, तयार फॉर्ममध्ये तो कोड आधीच ठेवला आहे का, नवी आवृत्ती त्या सॉफ्टवेअरमध्ये कधी चढली, या गोष्टी रुग्णाच्या फुप्फुसात घडत नाहीत, पण त्याच्या नोंदीत उतरतात.

स्त्रियांमध्ये लाखामागे ५२.१ आणि पुरुषांमध्ये २८.१ अशाही नोंदी होत्या. हा फरक आजाराचा, डॉक्टरकडे जाण्याच्या सवयीचा की कोड टाकणाऱ्याच्या मनातल्या चित्राचा? घरोघरच्या पाहणीतही स्त्रियांचं प्रमाण जास्त होतं, त्यामुळे काही भाग खरा असणार. किती, ते या नोंदी सांगू शकत नाहीत. गोल्डेकरांच्या चमूनेही कमी नोंदींची तीन संभाव्य कारणं मांडली : रुग्ण दवाखान्यात येतच नसतील, रुग्ण आणि डॉक्टर यांच्या निदानाच्या रेषा वेगळ्या असतील, किंवा कोडांची रचना आणि त्यांचा प्रचार यांतच खोट असेल. माझा कल तिसऱ्याकडे आहे हे लपवत नाही. दोन सॉफ्टवेअरांतला अडीचपटीचा फरक पहिल्या दोन कारणांनी समजावून दाखवा, मी मत बदलेन.

खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. नोंद नाही म्हणजे आजार नाही, असं संगणक गृहीत धरतो. उद्या कुणी लसीने लाँग कोविड टळतो का हे तपासायला बसला आणि त्याने ‘कोड आहे’ आणि ‘कोड नाही’ असे दोन गट केले, तर दुसऱ्या गटात हजारो खरे रुग्ण ‘निरोगी’ म्हणून बसलेले असतील. एखाद्या जिल्ह्याने कोड मोजून क्लिनिकचा खर्च ठरवला, तर जिथे डॉक्टर कोड टाकत नाहीत तिथल्या रुग्णांना दुसऱ्यांदा फटका.

दोन वर्षांनी

पुढचा अभ्यास आला तो फक्त टीपीपीच्या दवाखान्यांतल्या १ कोटी ९० लाख प्रौढांचा, जानेवारी २०२३पर्यंतचा. त्यात ५५,४६५ लोकांच्या नोंदीत लाँग कोविडचा कोणता तरी कोड सापडला. २०२१भर नोंदी वाढत गेल्या, २०२२मध्ये उतरल्या. म्हणजे प्रचार, पैसा, क्लिनिकं यांनी हालचाल नक्की झाली. पण आत डोकावा : निदानाचा कोड २०,०२५ जणांना. उरलेल्या ३५,४४० जणांच्या नोंदी पाठवणी आणि पुढच्या तपासणीच्या. डॉक्टरांनी रुग्णाला लाँग कोविडच्या दारापर्यंत पोचवलं, पण आजाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायला ते दोन वर्षांनंतरही बिचकत होते. मार्च २०२३च्या घरोघरच्या पाहणीत, संपूर्ण युनायटेड किंगडममध्ये, लाँग कोविड सांगणारे होते १९ लाख.

पहिल्या लाटेतल्या रुग्णांचं काय झालं? एप्रिल २०२०मध्ये आजारी पडून त्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या चकरा मारणाऱ्यांसाठी कोड अस्तित्वातच नव्हता. त्यांच्या नोंदींत धाप, धडधड, थकवा आणि पुष्कळदा चिंता. नव्या आवृत्तीने जुन्या ओळी आपोआप बदलत नाहीत, आणि बदलूही नयेत. तसं झालं तर नोंदीवरचा विश्वासच उडेल. मात्र कुणीतरी ती माणसं शोधून, त्यांच्याशी बोलून, नवी ओळ जोडायला हवी होती. ते काम आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्याचं की सॉफ्टवेअरवाल्याचं की जीपीचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

पुण्याशी याचा संबंध

भारत एप्रिल २०१४मध्ये स्नोमेडचा सदस्य झाला. त्यामुळे देशात ही परिभाषा वापरायला वेगळी फी पडत नाही. तिचं वाटप, भारतीय विस्तार आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी लागणारे नोंदींचे साचे, हे सगळं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय संसाधन केंद्रातून चालतं. २०१६च्या आरोग्यनोंद मानकांत स्नोमेडचं नाव आहे. म्हणजे इंग्लंडने केलेली चूक करायला लागणारी सगळी सामग्री आपल्याकडे हजर आहे. फक्त आपल्या बहुतेक दवाखान्यांत अजून लेटरहेड आणि बॉलपेन आहे, म्हणून ती चूक अजून मोठ्या प्रमाणावर झालेली नाही.

इंग्लंडमध्ये ती मोजणी झाली त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं, आठवतं? म्युकरमायकोसिस. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं. मोजणी झाली ती कळवण्याच्या सक्तीने, फॉर्म भरून. आरोग्यनोंदीतल्या कोडमुळे नव्हे. सक्ती होती आणि औषधाची टंचाई होती, नोंद केली तरच इंजेक्शन मिळण्याची आशा होती, म्हणून लोकांनी कळवलं.

पण शब्दाचा घोळ तिथेही झालाच. ‘काळी बुरशी’ हे नाव वाऱ्यासारखं पसरलं. म्युकर वर्गातली बुरशी काळी नसते. काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली चामडी आणि उती. खऱ्या काळ्या बुरशांचे आजार वेगळे असतात आणि परिभाषेत त्यांची जागाही वेगळी आहे. लोकांचा शब्द घ्या, असं मी वर म्हटलं खरं. इथे तो जसाच्या तसा घेतला असता तर दोन आजारांची सरमिसळ झाली असती. ‘लाँग कोविड’ ढोबळ होता, ‘काळी बुरशी’ चुकीचा होता. पहिल्याला क्रमांक द्यायला हवा. दुसरा शोधपेटीत टाइप झाला तर योग्य ओळीकडे न्यायला हवं, पण नोंदीत त्याचं नाव उमटता कामा नये. हा निवाडा यंत्राला जमत नाही. त्याला आजार आणि भाषा दोन्ही जाणणारं माणूस लागतं.

मराठीत तर असे सापळे पावलोपावली. ‘दम लागतो’ म्हणजे धाप, २६७०३६००७. ‘दमा आहे’ म्हणजे १९५९६७००१. एका काण्याचा फरक. बोललेलं ऐकून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आता येऊ लागली आहेत, आणि कोविडनंतर जिना चढताना दम लागणाऱ्या बाईच्या नोंदीत दमा कायमचा चिकटायला तेवढा एक काना पुरे आहे.

म्हणून कुणी मला सांगितलं की आमच्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर अद्ययावत झालं आहे, तर मी आवृत्तीची तारीख विचारत नाही. म्हणतो, गर्दीच्या ओपीडीतल्या एखाद्या डॉक्टरला बसवा. त्याला पुस्तकातला शब्द सांगू नका, रुग्ण म्हणतो तोच सांगा. आणि त्याने पहिली चार अक्षरं टाइप केल्यावर यादीत सगळ्यात वर काय येतं, ते माझ्यासमोर दाखवा.